रझाकाराच्या सालानंतर

औशातल्या जुन्या माणसांना वय विचारलं, की आकडा क्वचितच मिळायचा. ‘रझाकाराच्या साली मी गुरं वळत होतो’, ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरल्याचं लग्न लागलं’, ‘किल्लारीच्या आदल्या वर्षी माडी चढवली’ असा हिशेब असायचा. मुसलमान मोहल्ल्यात गेलं, की हिशेबाची रीत तीच, पण पहिल्या खुणेचं नाव वेगळं. तिथं ‘रझाकाराचं साल’ नसायचं, ‘पुलिस ॲक्शन’ असायची. वर्ष एकच, 1948. एका बाजूला आठवायचं ते त्या सप्टेंबरच्या आधीचं, दुसऱ्या बाजूला सप्टेंबरच्या नंतरचं.

बायका दोन्ही आठवणींत आहेत. पण बहुतेक वेळा त्या कुणाची तरी लेक, कुणाची तरी सून म्हणून येतात: पळवलेली, लपवलेली, विहिरीत उडी घेतलेली, परत आणलेली. क्रियापद दुसऱ्याचं आणि बाई त्याचं कर्म.

तेव्हा औसा हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता; लातूर जिल्हा वेगळा निघाला तो 16 ऑगस्ट 1982 ला. बाकी देशात 1947 ला तिरंगा चढला, पण निजाम मीर उस्मान अली खान याचं हैदराबाद संस्थान, ज्यात औसा येत होतं, स्वतंत्र राहायच्या गोष्टी करत होतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला होता आणि तो चिरडायला रझाकारांची निमलष्करी फौज उभी होती. तिचा म्होरक्या कासिम रझवी हा औशाच्या शेजारचाच, लातूरच्या कोर्टात वकिली करणारा. गावं जाळली गेली, धान्य लुटलं गेलं, बायकांवर अत्याचार झाले. हजारो कुटुंबं सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडं गेली. सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कॅम्प पडले, तिथून हत्यारं घेऊन रात्री आत यायचं, नाकी उडवायची आणि उजाडायच्या आत परत जायचं, असं ते युद्ध होतं.

या युद्धातल्या बायकांचं काम फार थोड्या ठिकाणी नावानिशी नोंदलं गेलं. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके पुरुषी वेशात घोड्यावर फिरल्या, त्यांनी हत्यारं पोचवली, म्हणून त्यांना ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ हे नाव मिळालं. (पराक्रमी बाईला मराठीत झाशीचीच उपमा का लागते, हा वेगळा विषय आहे.) पण भूमिगत माणूस घोड्यावर नव्हे, भाकरीवर चालतो. अंधारात दार वाजलं, की दिव्याची वात न वाढवता पीठ मळायचं. चूल पेटवली तर धूर दिसणार, म्हणून पहाटेच्या भाकरीच जास्त थापायच्या. सकाळी शेजारीण विचारेल ‘आज एवढं दळण कशाला गं?’, तर त्याचं उत्तर तयार ठेवायचं. हे काम उघडकीला आलं तर शिक्षा घोडेस्वाराइतकीच, आणि बाई असल्यामुळं त्याहून वाईट.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या; हीच ती पोलीस ॲक्शन. सोलापूरकडून आलेल्या तुकडीनं पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. लातूर आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, या बाजूला थोडा प्रतिकार झाला आणि 17 तारखेला निजामाच्या फौजेनं शरणागती पत्करली. पाच दिवसांत सगळं आटोपलं. मधे 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं हैदराबादचा प्रश्न आला होता; चर्चा नीट सुरू व्हायच्या आत संस्थानच संपलं. शाळेच्या पुस्तकातला धडा इथंच संपतो आणि मुलं झेंडावंदनाला जातात.

गावात मात्र त्या दिवशी दुसरं काही सुरू झालं होतं. रझाकार पळाले किंवा पकडले गेले; त्यांच्या पापाचं माप त्यांच्या धर्माच्या माणसांच्या पदरात पडलं. त्यांतले बहुतेक जण विणकर, तांबोळी, बागवान, छोटे व्यापारी. रझाकारीशी कित्येकांचा संबंध एवढाच, की त्यांचा जुलूम तेही पाहत होते. सूड, लूट, जुनी देणी-घेणी, जमिनीची हाव यांची एकच मोट बांधली गेली.

जवाहरलाल नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना संस्थानात पाठवलं. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर असा त्यांचा दौरा चालला. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले, आणि जिथं जाता आलं नाही अशा शंभरावर गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर संस्थानभर 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, असा अंदाज त्यांनी मांडला. सर्वांत जास्त पोळलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर शहराबद्दल त्यांनी लिहिलं ते असं: रझवीचं गाव, सधन कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची पेठ, तिथं वीस दिवसांहून जास्त कत्तल चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार गावात उरलेले होते, हजाराहून अधिक मारले गेले होते आणि बाकीचे जीव घेऊन पळाले होते. लातूर ते औसा हे अंतर वीस किलोमीटर.

या अहवालात बायका आहेत. बलात्कार, पळवापळवी, कधी कधी तर संस्थानाबाहेर सोलापूर आणि नागपूरपर्यंत नेलेल्या बायका. प्रेतांनी भरलेल्या विहिरी समितीला दाखवण्यात आल्या. आणि दुसरंही एक आहे, जे या अहवालाबद्दल बोलताना कुणी फारसं काढत नाही. कितीतरी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना, बायापुरुषांना, जिवावर उदार होऊन वाचवलं. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी आपल्याच माणसांपुढं आडवे आले. आणि पळवलेल्या मुसलमान बायका परत मिळवायला अनेक हिंदूंनी मदत केली. समितीनं हे आवर्जून लिहून ठेवलं.

पण समिती तीन पुरुषांची. चिटणीसही पुरुषच. ज्या बाईवर अत्याचार झाला, तिनं तीन परक्या पुरुषांसमोर, दीर-सासऱ्यांच्या देखत, काय सांगायचं? पदर तोंडात धरून ती उभी राहिली असेल आणि तिच्या वतीनं घरातला कुणी बोलला असेल. अहवाल सरकारनं छापला नाही. तो अभ्यासकांच्या हाती नीट पडला आणि चर्चेत आला 2013 च्या सुमारास, म्हणजे 1948 ला पंधरा वर्षांची असलेली मुलगी ऐंशीची झाल्यावर.

1948 च्या त्या दिवसांत सक्तीनं धर्मांतरं झाली, आणि त्यांच्या खुणा अंगावर करण्यात आल्या: कान टोचले, शेंड्या ठेवल्या, गोंदलं. गोंदणाशी इथं जरा थांबलं पाहिजे. मराठवाड्यातल्या बाईला गोंदण नवं नाही. जत्रेत गोंदणारीण बसायची, आई हात धरून ठेवायची आणि सुईच्या टोकानं कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवे ठिपके उमटायचे. मेल्यावर सोबत येणारा तेवढाच दागिना, असं म्हणत म्हाताऱ्या हौसेनं हात पुढं करायच्या. दागिना म्हणून तो सोसायचा, कारण तो आपला असतो. तेच हिरवे ठिपके जिला धरून गोंदले गेले, ती परत आपल्या मोहल्ल्यात आली तर काय घेऊन आली? कपाळावर ओढणी पुढं ओढून घेता येते, मनगटावर बांगड्या भरता येतात. ठिपका जात नाही.

‘परत आणणं’ या शब्दाचा कसही इथंच लागतो. फाळणीनंतर पंजाबात पळवलेल्या बायका शोधायला दोन्ही सरकारांनी 6 डिसेंबर 1947 ला करार केला. मृदुला साराभाईंच्या पुढाकारानं स्त्री कार्यकर्त्यांच्या टोळ्या, छावण्या, शोध असं मोठं काम उभं राहिलं. सरकारी अंदाजानुसार भारतात 50 हजार मुसलमान आणि पाकिस्तानात 33 हजार हिंदू-शीख बायका होत्या. पुढं 1949 ला संविधान सभेनं कायदेमंडळ म्हणून अपहृत व्यक्तींच्या सुटकेचा कायदा केला. तो कुठं लागू होता ते पाहिलं, की औशाच्या वाचकाला थांबावं लागेल: संयुक्त प्रांत, पूर्व पंजाब, दिल्ली, पेप्सू (पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचा संघ) आणि राजस्थान. हैदराबाद त्या यादीत नाही. सीमेपलीकडं दुसरं राष्ट्र असलं, की बाई हा दोन सरकारांमधला प्रश्न होतो, तिच्यासाठी करार होतो. नांदेडहून नागपूरला नेलेली बाई ही गावातली गोष्ट. ती गावानंच निस्तरायची.

कायदा आला असता तर सगळं बरं झालं असतं, असंही नाही. त्या कायद्यानं पोलिसाला वॉरंटशिवाय बाई ताब्यात घेता येत होती. ती पळवलेली की नाही, हे न्यायाधिकरण ठरवणार. तिला कुठं राहायचंय, हा प्रश्न कायद्यात नव्हता. दोन वर्षांत मूल झालेलं असायचं, नवा संसार बरावाईट उभा राहिलेला असायचा, माहेरचे घेतील याची खात्री नसायची. तिच्या इच्छेविरुद्ध पाठवण्याला रामेश्वरी नेहरूंनी स्पष्ट विरोध केला होता. म्हणजे जिथं कायदा होता तिथं बाईला ‘सोडवलं’, आणि जिथं नव्हता तिथं सोडून दिलं. विचारलं दोन्हीकडं नाही.

योगायोग असा, की सुंदरलाल समिती संस्थानात फिरत होती, त्याच डिसेंबरच्या 10 तारखेला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमात सगळे ‘पुरुष’ जन्मतः स्वतंत्र आणि समान, अशा अर्थाची शब्दयोजना होऊ घातली होती. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरून तिथं ‘सगळी माणसं’ आणवली. एका शब्दाचा फरक. पॅरिसहून तो शब्द मांजरेच्या खोऱ्यात पोचायला मात्र बरीच वर्षं लागली.

जगाच्याही ध्यानात हे लवकर आलं असं नाही. युद्धानंतर शांततेच्या वाटाघाटीत बायकांना जागा हवी आणि युद्धात त्यांना संरक्षण हवं, हे सुरक्षा परिषदेनं ठराव म्हणून लिहिलं ते 31 ऑक्टोबर 2000 ला. ठरावाचा क्रमांक 1325. त्याआधी बोस्निया आणि रवांडा होऊन गेले होते. रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं 1998 ला अकायेसू खटल्यात बलात्कारही वंशसंहाराचं हत्यार असू शकतो, असा निवाडा दिला होता. तोही बायकांनी साक्षी दिल्या म्हणून. ठरावात संरक्षण आणि सहभाग या दोन गोष्टी एका दावणीला बांधल्या, हे त्याचं मोठेपण. नुसतं संरक्षण म्हटलं, की बाई पुन्हा तिजोरीतली वस्तू होते.

सहभाग म्हणजे काय, हे लायबेरियातल्या बायकांनी दाखवलं. चौदा वर्षं रखडलेल्या यादवीत 2003 ला ख्रिस्ती आणि मुसलमान बायका पांढरे कपडे घालून मासळीबाजाराजवळच्या मैदानात रोज बसू लागल्या. वाटाघाटी घानाची राजधानी आक्रा इथं चालल्या होत्या. टोळ्यांचे सरदार चांगल्या हॉटेलांत उतरून आठवड्यामागून आठवडे घोळ घालत होते. लेमा बोवी आणि तिच्या सोबतिणींनी सभागृहाबाहेर हातात हात गुंफून ठिय्या दिला आणि तडजोड झाल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही असं बजावलं. पहारेकरी पकडायला आले तेव्हा बोवीनं अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या बाईनं जाणूनबुजून उघडं होणं हा तिकडं पुरुषाला लागणारा शाप. पहारेकरी मागं सरले. ऑगस्टमध्ये करार झाला. पुढं 2007 ला संयुक्त राष्ट्रांची पहिली सगळ्या बायकांची पोलीस तुकडी याच लायबेरियात पहाऱ्याला गेली, आणि ती भारताची होती, केंद्रीय राखीव पोलीस दलाची. 1325 राबवण्यासाठी शंभरावर देशांनी स्वतःचा राष्ट्रीय कृती आराखडा केला आहे. भारतानं बाहेर तुकडी पाठवली, घरासाठी असा आराखडा केलेला नाही.

घरात गरज नाही असं म्हणायला जागा नाही. गडचिरोलीत 1 जानेवारी 2025 ला माओवादी विमला सिडाम ऊर्फ तारक्का मुख्यमंत्र्यांसमोर शरण आली, तीन दशकांहून अधिक काळ जंगलात काढून. महाराष्ट्रात आत्मसमर्पणाची योजना 2005 पासून आहे. पैसे, घर, काम यांची त्यात सोय आहे. पण तिथल्या बाईचं पुढचं आयुष्य कसं असावं, हे ठरवायला त्या गावच्या गोंड-माडिया बायका कुठं बसतात, हा प्रश्न 1948 चाच आहे.

बायका हत्यार धरून लढल्या तरी नंतर काय होतं, याचा दाखला निजामाच्याच संस्थानात, तेलंगणात आहे. तिथला सशस्त्र लढा 1951 ला मागं घेतला गेला आणि पथकांतल्या बायकांना घरी जायला सांगितलं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं तीसएक वर्षांनी टेपरेकॉर्डर घेऊन त्या गाठल्या आणि त्यांच्या बोलीतलं पुस्तक केलं. त्यातली मल्लू स्वराज्यम पुढं आमदार झाली. बाकीच्यांना पुन्हा चूल मिळाली. त्या तोडीचं पुस्तक आपल्या मराठवाडी बायकांचं वेळेत झालं असतं तर हे प्रकरण फार वेगळं लिहिता आलं असतं.

सरकारी दप्तराला टेपरेकॉर्डर चालत नाही, कागद लागतो. स्वातंत्र्यसैनिकांचं केंद्राचं पेन्शन 1972 ला सुरू झालं. अट साधारण सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. बायकांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिन्यांची. सवलत दिली हे खरं. पण पहाटे भाकरी बांधून देणाऱ्या बाईकडं तुरुंगाचा दाखला कुठून येणार? ती पकडली गेली नाही, हेच तर तिचं कसब होतं. हैदराबादच्या लढ्यातल्या बहुतेक बायका पेन्शनच्या कागदावर आल्या त्या स्वातंत्र्यसैनिकाची विधवा म्हणून.

याच औसा तालुक्यात 1948 नंतर 45 वर्षांनी दुसरा विध्वंस झाला. तो माणसांनी केला नव्हता, म्हणून दोन्हींची तुलना थोडी बेतानंच करायची. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं: किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलं होतं. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मारलं ते धक्क्यापेक्षा घरांनी. रुंद, दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर दरसाल मातीचा थर चढवत गेलेलं ते छप्पर उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार. खाली आलं तेव्हा टनावारी माती.

पूर्ण नवी वसवायची गावं पन्नासच्या पुढं होती, तिथं ठेकेदार आणि देणगीदार आले. पण हजाराहून अधिक गावांत घरं जागेवरच दुरुस्त करून भक्कम करायची होती आणि ते काम ज्याचं त्यानं करायचं होतं. पैसे हप्त्यानं बँकेत येणार, इंजिनिअर तालुक्याला, लोकांचा सरकारी यंत्रणेवर विश्वास नाही. तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून उभं केलं आणि सरकारनं ते मानलं. 1948 च्या समितीला जे सुचलं नव्हतं ते हे, इतकं साधं.

या बायका काय करायच्या? भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड दर थोड्या अंतरावर बसवलाय का, हे हात घालून पाहायच्या. माळवदावरची माती किती उतरवली, सिमेंटचा पट्टा सलग फिरवलाय की कोपऱ्यात तोडलाय, वाळू चाळलेली आहे का, हे विचारायच्या. गवंडी आधी हसले. नंतर हप्त्याच्या कागदासाठी या बायकांचीच वाट बघावी लागते हे लक्षात आल्यावर हसू थांबलं. ज्या बाईला ग्रामसभेत ओट्याच्या खाली बसायची सवय, तिला आता तहसीलच्या बैठकीत खुर्ची पुढं सरकवावी लागत होती. घर कुठं गळतं, जनावरं कुठं बांधायची, कणगी कुठं ठेवायची, विधवेच्या वाटणीची खोली दीर बळकावतोय का, ही माहिती तिच्याकडं आधीपासून होती. सरकार दरबारी तिची नोंद पहिल्यांदा झाली.

पुढं या गटांनी बचतीला हात घातला, मग पाणी, रेशन, दवाखाना. 2001 च्या जानेवारीत कच्छचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडं गेल्या. सोबत पत्र्याच्या पेट्या किंवा मदतीचे ट्रक नव्हते. कच्छी बायकांच्या घोळक्यात बसून, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलत, पहिला हप्ता आल्यावर काय तपासायचं, कुणाकडून सही घ्यायची आणि कुठल्या कमिटीवर आपलं नाव घालायला लावायचं, हे त्या सांगत होत्या. 2004 च्या त्सुनामीनंतर त्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही पोचल्या. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता, त्या कोळणींना घराच्या पायाबद्दल विचारत होत्या.